मी बंद केलेला सिनेमा

एका सिनेमाचा शेवट मी बदलला. अकरावीत होतो तेव्हा. हे चुकून झालं नाही, न कळून झालं नाही. भरल्या गावासमोर, हातात माईक घेऊन मी खोटं सांगितलं आणि खोटं उघडं पडू नये म्हणून बटण दाबून सिनेमा बंद केला. पुढे मी हे केलं होतं हेच विसरलो. केलं याचा धक्का मोठा की विसरलो याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आधी सिनेमाबद्दल सांगतो, कारण त्यावर माझं खरोखर प्रेम होतं आणि अजूनही आहे.

वडील भद्रावतीच्या कारखान्यात होते, आम्ही कॉलनीत राहत होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये व्हीसीआर होता. तिथे एक इंग्रजी कॅसेट आली होती, तिच्यावरचं नाव पुसून गेलं होतं. गोष्ट अशी: परदेशातलं एक थंड, डोंगराळ गाव. तिथली कोळशाची खाण बंद पडलेली. शाळेतली चार मुलं. एक टोपीवाला मुलगा, त्याचा लहान भाऊ, टेपरेकॉर्डर घेऊन फिरणारा एक जाडा मित्र, आणि एक मुलगी. मुलीचे वडील खाणीतला पिंजरा खालीवर करणाऱ्या यंत्रावर कामाला होते. एके दिवशी ही मुलं त्या पिंजऱ्यात बसून खाली जातात. पिंजरा तळाशी थांबत नाही. खाली खाली जाता जाता तो वर यायला लागतो, आणि दार उघडतं तेव्हा बाहेर हिरवं आभाळ असतं.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही पोरं सरकत सरकत टीव्हीला जाऊन चिकटलो होतो. आजूबाजूला खाणी होत्या. सुरुंग उडाला की मांडणीवरची ताटं वाजायची. खाण म्हणजे धूळ, पाळ्या, काळे रुमाल. तिच्या तळाशी दुसरी दुनिया असू शकते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दुनियेत हवा वेगळी, म्हणून मुलं खाणीतले बचावाचे मुखवटे आणि टोप घालून फिरतात. तिथले प्राणी उंच, लाजाळू, बोटांनी टकटक करून बोलणारे. आज पाहिलं तर कळतं की वेताच्या टोपल्या एकावर एक रचून आत दिवे लावलेत. एका ठिकाणी टोपली सरकते आणि आतल्या माणसाचा बूट दिसतो. मला तो बूटही आवडतो. कोणीतरी त्या टोपलीत घामाघूम होऊन उभा राहिला, म्हणून आमचं बालपण थोडं मोठं झालं.

शेजारच्यांचा मोठा मुलगा इंग्रजी शाळेत शिकलेला. तो आम्हाला हिंदीतून अर्थ सांगायचा. मी तो सिनेमा तीन वेळा पाहिला. गोष्ट मला पाठ होती. वडिलांचा कारखान्यातला टोप घालून आम्ही तो खेळायचो. टोपीवाला मुलगा मीच व्हायचो. मुलगी कोणी व्हायला तयार नसायचं, म्हणून खेळात ती नव्हतीच.

दिवाळीनंतर मामाच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा असायची. मामाचं गाव वैनगंगेच्या काठाकडे, घरची धानाची शेती. मंडईला लेकीबाळी, पाव्हणे सगळे जमायचे, रात्रभर नाटक व्हायचं, आणि त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ दाखवायचं ठरलं होतं. वडिलांनी कॉलनीतून व्हीसीआर मागून घेतला आणि आम्ही तो गोधडीत गुंडाळून एसटीने नेला. बरोबर दोन हिंदी कॅसेट होत्या. तिसरी, इंग्रजी, मी माझ्या पिशवीत घातली होती.

त्या वर्षी मामाच्या मुलीची दहावी होती. माझ्याहून एका वर्षाने लहान. हुशार म्हणजे इतकी की तिच्या शाळेचे गुरुजी मामाच्या घरी येऊन सांगून गेले होते, पोरीला सायन्सला घाला. गावात सायन्स नव्हतं. आईने भावाला सांगून ठेवलं होतं, परीक्षा झाली की तिला आमच्याकडे पाठव, आमच्या पोरासारखी राहील. मामा हो म्हणत होता, पण पूर्ण हो म्हणत नव्हता. आई मंडईला त्याच कामासाठी आली होती. त्या दोन दिवसांत त्याच्या तोंडून पक्कं हो काढून घ्यायचं.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. माझे अकरावीच्या सहामाहीचे गुण वाईट होते. वडील एकदा जेवताना म्हणाले होते, "ती आली म्हणजे बरं होईल. तिच्याकडे पाहून तरी हा पुस्तक उघडेल." पण ताटावरून उठताना मला कळलं होतं की ती येऊ नये असं मला वाटतं.

व्हिडिओ गिरणीच्या गोदामात लावला होता. खिडक्यांना ताडपत्री, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं, मधे पोरं. पहिल्या हिंदी कॅसेटची पट्टी अडकली, दुसरी लावली तर नुसत्या मुंग्या. लोक ओरडायला लागले तेव्हा मी पिशवीतली कॅसेट काढली.

तिकडे इंग्रजी सिनेमा लावायचा तर एक रीत होती. टीव्हीशेजारी एक माणूस माईक घेऊन बसायचा आणि काय चाललं आहे ते आपल्या बोलीत सांगायचा. कोणाला इंग्रजी येत नव्हतं, हिंदीही सगळ्यांना नाही, आणि मागे बसलेल्यांना तो चौदा इंची पडदा नीट दिसतही नव्हता. लोक सिनेमा पाहायचे कमी, ऐकायचे जास्त. नेहमी सांगणारे गुरुजी रात्रीचं नाटक पाहून घरी झोपले होते. नाटकाचा माईक तिथेच होता. मामाने तो माझ्या हातात दिला आणि लोकांना म्हणाला, "आमचा भाचा सांगते. कॉलनीत राह्यते, इंग्रजी येते त्याले."

मी सांगायला लागलो. पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं की मला हे जमतं.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "हे पोट्टे शाळेत जात नाईत का जी?"

"सुट्टी आहे आजा."

"अन् याइची माय कुठी हाय?" बायांमधून आवाज.

"माय नाई दाखवली काकी."

"मंग सैपाक कोन करते?"

"त्याच्याच पायी तं पळून राह्यले ते," दुसरी कोणी म्हणाली, आणि गोदाम हसलं. मी माईकवर हसलो तर सगळे पुन्हा हसले. टोपल्यांचे प्राणी आले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "हे तं आपल्या धानाच्या ढोल्या हाय बे, चालून राह्यल्या." मी म्हटलं, "हो, पन याइच्यात धान नाई, दिवा हाय." मला वाटायला लागलं होतं की सिनेमा माझाच आहे.

मग तो प्रसंग आला. मुलगी वडिलांकडे पिंजऱ्याची किल्ली मागते. वडील नाही म्हणतात. ती रात्री त्यांच्या कोटातून किल्ली काढते आणि निघते. हे मी जसं होतं तसंच सांगितलं.

मामा पुढेच बसला होता. त्याने विचारलं, "बापाले न सांगता गेली का थे?"

"हो मामा. न सांगता."

मामाने मान वळवून बायांच्या बाजूला पाहिलं. तिथे त्याची मुलगी बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून, पडद्याकडे पाहत. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि मी मामाकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला काय करता येईल ते कळलं. एवढं स्पष्ट कळलं की आज तेव्हाच्या मला "पोर होतं" म्हणून सोडून देता येत नाही.

सिनेमात पुढे असं आहे: दोन दुनियांमधलं दार बंद व्हायला लागतं. लहान भाऊ त्या प्राण्यांच्या मागे गेलेला असतो. दार उघडं राहावं म्हणून पलीकडे एक दांडा कोणीतरी धरून ठेवायचा असतो. तो कसा धरायचा ते फक्त मुलीला माहीत आहे, वडिलांच्या यंत्रावर तिने ते पाहिलेलं आहे. ती परत जाते. पोराला शोधून आणते, तो पिंजऱ्यात बसेपर्यंत दांडा धरते, शेवटच्या क्षणी पिंजऱ्यात उडी टाकते. हे सगळं मुखवट्यात, टोपात, धुरात. तोंड कोणाचंच दिसत नाही.

"कोन गेलं वापस?" लोकांनी विचारलं.

"पोट्टा गेला," मी सांगितलं. "पोरीनं दांडा चुकीचा ओढला. त्याच्यानं दार बंद होऊन राह्यलं. आता पोट्टा सगळ्याइले वाचवाले गेला."

"पोरगी का करून राह्यली मंग?" हा मामा.

"बसली हाय एका जागी. रडून राह्यली."

पडद्यावर ती त्या वेळी दोन्ही हातांनी दांड्याला लटकलेली होती.

पिंजरा वर येतो. खाणीच्या तोंडाशी सगळं गाव जमलेलं असतं, मुलीचे वडील सगळ्यांत पुढे. पिंजऱ्यातून धूर. आत किती जण आहेत ते कळत नाही. एक जण बाहेर येतं, काजळीने काळं झालेलं, आणि त्याचा हात टोपाकडे जातो.

मी बटण दाबलं.

"पट्टी संपली," मी म्हटलं.

गोदामात कालवा झाला. "अरे, पुढं? आले का सगळे?" मी माईकवर सांगितलं, "तिघं आले. पोरगी तिकडंच राह्यली. दार बंद झालं. बाप उभाच हाय तिथी, खानीच्या तोंडाशी. रोज येते अन् उभा राह्यते. तिथी संपते सिनेमा."

मग एक बाई म्हणाली, "बापा, पोरगी गेली बिचारी," आणि लोक उठायला लागले. काहींनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी कॅसेट काढून पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंगणात दात घासत होतो. ओसरीत मामा आईशी बोलत होता.

"बाई, राहू दे. नाई धाडत मी पोरीले."

"काऊन? काल तं हो म्हन्लं होतंस."

"पक्कं हो कुठी म्हन्लं?"

"अरे पन कारन?"

मामा म्हणाला, "रातभर मी त्या खानीच्या तोंडाशी उभा होतो बाई. डोळा नाई लागला."

आई हसली. "सिनेमा होय बह्याडा थो."

"मले मालूम हाय सिनेमा होय. पन तुमच्या तिकडं खानीच खानी. अन् पोरगी एकदा निंगाली का बापाच्या हातात का राह्यते?"

आईने त्याला परोपरीने समजावलं. माझ्या तोंडात दंतमंजन होतं. चूळ भरून ओसरीत जायचं आणि म्हणायचं, मामा, मी खोटं सांगितलं, ती परत येते, तीच सगळ्यांना आणते. कॅसेट पिशवीत होती, व्हीसीआर खोलीत होता. दाखवता आलं असतं. मी चूळ भरली आणि नदीकडे निघून गेलो.

ती आली नाही. गावातच आर्ट्सला बसली, बारावी केली, लग्न झालं. मी पुढे कसाबसा बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं आणि चंद्रपूरला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो.

आता जे सांगायचं आहे त्यावर विश्वास बसणं कठीण आहे. मला स्वतःलाच कठीण जातं. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या तासाला मी वर्गाला तो सिनेमा सांगायचो. पोरं वाट पाहायची. माझ्या मुलीला मी तो लहानपणी झोपताना सांगितला. आणि दर वेळी मी गोदामातली गोष्ट सांगितली. मुलगा वाचवतो. मुलगी तिकडेच राहते. बाप खाणीच्या तोंडाशी उभा असतो. हे सांगताना मला कधी वाटलं नाही की मी काही लपवतो आहे. मला वाटायचं, सिनेमा असाच आहे. मी तीन वेळा पाहिलेला सिनेमा माझ्यातून निघून गेला होता आणि मी सांगितलेला तेवढा उरला होता.

यंदा दिवाळीला मुलगी नागपूरहून आली. ती तिथे शिकते. तिने माझ्या वर्णनावरून तो सिनेमा इंटरनेटवर शोधून काढला होता. खाण, पिंजरा, हिरवं आभाळ, टोपल्या. "बाबा, सापडला," म्हणाली आणि टीव्हीला जोडून दिला. खाली अक्षरं येत होती, बोलणं आता समजत होतं. मांडीवर चिवड्याची ताटली घेऊन मी बसलो. पहिला तासभर मी इतका आनंदात होतो की मुलगी सिनेमापेक्षा माझ्याकडेच जास्त पाहत होती. बूट दिसला तेव्हा मी टाळी वाजवली.

मग परत कोण जातं ते आलं. मुखवट्यातली ती आकृती मागे वळली आणि जाड्या मित्राने तिला हाक मारली. खाली अक्षरांत मुलीचं नाव आलं. मला वाटलं, अक्षरं चुकली.

पिंजरा वर आला. धूर. हात टोपाकडे गेला. आणि या वेळी तो टोप निघाला.

आतून मुलगी निघाली. केस चिकटलेले, तोंड काळं, कडेवर दुसऱ्याचा भाऊ. ती वडिलांसमोर उभी राहिली आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. वडिलांनी किल्ली घेतली, तिच्याकडे पाहिलं, आणि किल्ली परत तिच्या हातात ठेवून तिची मूठ बंद केली.

"बाबा," माझी मुलगी म्हणाली, "तुम्ही तर सांगायचे ती तिकडेच राहते."

माझ्या उजव्या हाताच्या बोटाला ते बटण लागलं. खरंच लागलं, ते जाड, खाली दबणारं बटण. आणि त्याच्या मागोमाग गोदाम, माईक, मामाची वळलेली मान, दंतमंजनाची चव, सगळं एकदम आलं. ताटली केव्हा कलंडली कळलं नाही. मुलीने ती उचलली आणि विचारलं, पाणी देऊ का. मी नको म्हटलं आणि मग प्यायलो.

लहानपणी कितीतरी दिवस ती विचारायची, बाबा, ती मुलगी तिकडे एकटीच काय करत असेल? मी म्हणायचो, झोप आता.

काही दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिलो. मामाचं मन तसंही डळमळतच होतं. माणूस एका सिनेमावरून पोरीचं शिक्षण थांबवत नाही. त्या काळात किती पोरींना कोणी पाठवलं? हे सगळं खरं आहे. पण त्या माणसाने ते कारण स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि ते मी ऐकलं होतं. शेवटी एका रविवारी मी मूल गावावरून चामोर्शीकडे निघालो.

ती मार्कंड्याच्या जवळच्या एका गावात राहते, अंगणवाडीत सेविका आहे. मामाला जाऊन काही वर्षं झाली. माझी आईही गेली. आईच्या वेळी ही तिसऱ्या दिवशी आली होती, तासभर बसली आणि पाणीही न पिता गेली. आमच्याकडे ती कधी राहिलीच नाही. आई भद्रावतीहून निरोप पाठवायची, राहायला ये, ती यायची नाही. लग्नात आईने हौसेने घेतलेलं लुगडं तिने नणंदेला देऊन टाकलं. आईने ते नणंदेच्या अंगावर पाहिलं होतं. "माझं का चुकलं असंल रे?" असं आई मला पुढे कितीदा विचारायची. मी म्हणायचो, "तिचा स्वभावच तसा आहे."

मी गेलो तेव्हा ती आंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. "ये भाऊ," म्हणाली, "अचानक? सगळं ठीक हाय ना?" खुर्ची दिली. चहा झाला. मुलीचं विचारलं. मी म्हटलं, एक सांगायचं आहे, आणि सगळं सांगितलं. गोदाम, दांडा, बटण, सकाळची ओसरी. मामा काय म्हणाला तेही.

सांगताना मला वाटत होतं की ती हसेल. म्हणेल, एवढं जुनं कायले काढतं. किंवा चिडेल. दोन्हीची मी तयारी केली होती.

तिचे हात थांबले. "बाबा असं म्हन्ला? खानीच्या तोंडाशी?"

"हो."

"आत्याले म्हन्ला?"

"हो. आई समजावत होती त्याला. खूप समजावलं तिनं."

ती हळू म्हणाली, "मले बाबानं सांगतलं होतं का आत्या नाई म्हन्ते म्हनून. दोन खोल्या हाय, पोरगा मोठा झाला, पोरीले कुठी ठेवू, असं आत्या म्हन्ली."

मला पहिल्यांदा ते समजलंच नाही. मी विचारलं, "कोण म्हणाली?"

"तुझी माय. आत्या. मी बाबाले लय पाठी लागली होती ना भाऊ. रडली, जेवली नाई. थो तरी का करन. त्यानं आत्यावर ढकललं." थोडं थांबून म्हणाली, "अन् मी मानलं. आत्या मंडईले येऊन माह्या तोंडावरून हात फिरवून गेली होती, अन् जाऊन नाई म्हन्ली, असं मानलं मी."

दिवाळीपासून मला वाटत होतं की मी एका मुलीचं सायन्स घालवलं. ते ओझं उचलून मी इथवर आलो होतो. त्याच्याखाली आणखी एक ओझं होतं आणि ते आई मरेपर्यंत वाहत होती, कशाचं आहे हे न कळता. तिने क्वार्टरच्या मागच्या खोलीत एक जास्तीची बाज टाकून ठेवली होती. मामाने नाही म्हटल्यावरही ती बरीच वर्षं तिथेच होती. त्यावर मी अभ्यासाची पुस्तकं ठेवायचो.

हे मी तिला सांगितलं. बाजेचं. सांगायला नको होतं की हवं होतं, माहीत नाही. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "थे लुगडं निळं होतं. काठ चांगले होते त्याचे. मी घडीबी मोडली नाई." आणि मग, "तिसऱ्या दिवशी आली होती मी. तिचं तोंडबी पाह्यलं नाई."

शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "कोन पाव्हने व?" ती म्हणाली, "भाऊ होय माह्या. आत्याचा पोरगा." बाई गेली.

मी फोन काढला. मी ठरवून आलो होतो की तिला सिनेमा दाखवायचा, निदान शेवटचा भाग. मला वाटत होतं, टोप काढणाऱ्या त्या मुलीला ती पाहील तेव्हा काहीतरी भरून निघेल. मी म्हटलं, "माझ्याजवळ आहे तो. पाहतेस का?"

तिने फोनकडे पाहिलंही नाही. "आता पाहून का करू भाऊ? थे पोरगी वापस आली, चांगलं झालं. आत्या येते का?"

फोन मी खिशात ठेवला. तो दाखवायला काढणं हीही एक लबाडीच होती, हे मला तेव्हा कळलं. पुन्हा एकदा मी सिनेमाच्या आड उभा राहत होतो. ती शेंगांच्या टोपल्यापलीकडे बसली होती, मी खुर्चीत उंच. मी खाली उतरून जमिनीवर बसलो. ती म्हणाली, "माती हाय तिथी," मी म्हटलं, असू दे.

चंद्रपूरला शाळेत मी ज्या भाषेत बोलतो ती तोंडात येईना.

"बाई," मी म्हटलं, "मी तुले घरी येऊ नाई दिलं. तू येशील म्हनून मले पोटात दुखत होतं, म्हनून मी मुद्दाम खोटं सांगतलं. सकाळी मामा बोलला थे मी ऐकलं, अन् तोंड उघडलं नाई. माय मले पुसत राह्यली का तिचं का चुकलं, अन् मी तुह्यावर ढकललं, तुह्या सोभाव वाईट म्हन्लं. तुझी अन् तिची दोघींची माफी मले एकटीपासून मागा लागून राह्यली, अन् दुसरीपर्यंत थे पोचत नाई, हे मले मालूम हाय. तरी मागतो. माफ कर मले बाई. माह्यं चुकलं."